तालीम, चीज आणि चार जाणती माणसं

कोल्हापुरात ‘तालीम’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं लाल माती उभी राहते. पेठेपेठेत तालीम आहे, तालमीचं मंडळ आहे, मंडळाचा गणपती आहे. नाटकवाल्यांची तालीम वेगळी. ती प्रयोगाच्या आधी होते. आणि तिसरी तालीम गवयांची. उस्तादापुढं बसून, तंबोरा मांडीवर घेऊन, वर्षानुवर्षं घ्यायची. मूळ अरबी शब्दाचा अर्थ साधा शिक्षण एवढाच. पण या गावानं तिन्ही अर्थ एकाच वेळी वागवले, आणि त्यात कुणाला कधी अडचण वाटली नाही. कुस्तीच्या तालमीत वस्तादाइतकंच महत्त्व ‘जोडी’ला असतं. आपल्या ताकदीचा, रोज आपल्याशी लढणारा गडी नसेल तर वस्ताद कितीही मोठा असो, पैलवान कच्चा राहतो. गाण्यात, आणि विशेषतः नवी चीज बांधण्यात, ही जोड कुठून मिळते, कशी मिळत आली, याबद्दल आज बोलायचं आहे.

सुरुवात कसबा बावड्यापासूनच करू. बावड्यातल्या लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी शाहू महाराजांचा जन्म झाला. १८९४ साली राज्यकारभार त्यांच्या हाती आला आणि दुसऱ्याच वर्षी, १८९५ मध्ये, उस्ताद अल्लादियाखाँ दरबारगायक म्हणून कोल्हापुरात आले. महाराजांचं कुस्तीचं वेड जगजाहीर आहे. गाण्याच्या बाबतीत त्यांनी केलेली ही एकच निवड पुढच्या शंभर वर्षांना पुरली. १९२२ साली महाराज गेले, खाँसाहेब मुंबईला गेले आणि १९४६ साली तिथंच वारले. पण मधली सत्तावीस वर्षं त्यांनी या गावात काढली. धाकटे चिरंजीव भूर्जीखाँ तर कोल्हापूरचेच झाले. अंबाबाईच्या देवळात ते गायनसेवा करत. याचं आज ज्यांना नवल वाटतं त्यांनी त्या काळच्या कोल्हापूरकराला विचारायला हवं होतं. त्याला यात नवल करण्यासारखं काही दिसलं नसतं.

अल्लादियाखाँ हे केवळ गवई नव्हते, बांधणारे होते. तरुणपणी राजस्थान-माळव्याकडच्या एका संस्थानात सलग गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला. जुना आवाज परत आला नाही. तेव्हा जो आवाज उरला त्याला साजेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. घराणं धृपदियांचं, त्यामुळं जुन्या धृपदांचं भांडार होतं. त्यातल्या अनवट रागांना त्यांनी ख्यालाचं रूप दिलं. त्यांचं मूळ नाव गुलाम अहमद, म्हणून स्वतःच्या चिजांत त्यांनी ‘अहमदपिया’ ही मुद्रा घातली. आता प्रश्न असा की, अशा माणसाच्या चिजेवर बोट कोण ठेवणार? दरबारात कुणी ठेवत नाही. घराण्यात शिष्याची ती छाती नसते. आणि दुसऱ्या घराण्याचा गवई बोलला, तर तो हेव्यानं बोलतो असं धरलं जातं.

याचं उत्तर त्या काळात एका वेगळ्याच ठिकाणाहून मिळालं. ते उत्तर म्हणजे हौशी माणूस.

‘हौशी’ हा शब्द आपण अर्धवट थट्टेनं वापरतो. हौशी नाटक म्हणजे पाठांतर कच्चं, हौशी गवई म्हणजे सुराला कमी. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हौशी लोकांनी जे केलं ते पेशेवर कलावंतांना करता येण्यासारखं नव्हतं. मुंबईत १८७० साली पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी काढली. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. कोल्हापूरचा गायन समाज १८८३ चा. पुढं त्याच्या नावाला ‘देवल क्लब’ जोडलं गेलं आणि गावाच्या तोंडी तेवढंच राहिलं. दरबार राजाचा असतो, कोठी बाईची असते, देऊळ देवाचं असतं. क्लब कुणाचाच नसतो; वर्गणी भरतो त्याचा असतो. वकील, मामलेदार, शिक्षक, कारकून तिथं बसत आणि गाणं झाल्यावर घरी न जाता गाण्याबद्दल बोलत. ही दुसरी गोष्ट नवी होती. गाण्याबद्दल बोलण्याचा हक्क गाणाऱ्याच्या घराण्याबाहेर आला तो असा.

गोविंदराव टेंबे हे या क्लबचं फळ. त्यांचा जन्म १८८१ चा. हार्मोनियम ते बहुतांशी आपणच शिकले. गाण्याची खरी ओळख आपल्याला देवल क्लबात झाली, हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. भास्करबुवा बखल्यांना त्यांनी गुरू मानलं, अल्लादियाखाँसाहेबांची गायकी जवळून अभ्यासली आणि पुढं खाँसाहेबांचं चरित्रही लिहिलं. १९११ साली खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं. त्याचं संगीत टेंब्यांचं. बोलपटाचा जमाना आला तेव्हा कोल्हापुरातच ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ला, म्हणजे १९३२ साली, संगीत त्यांचंच आणि पडद्यावर कामही त्यांचं. ‘माझा संगीत-व्यासंग’ हे त्यांचं पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आवर्जून मिळवून वाचावं. मराठीत गाण्याबद्दल इतकं रसाळ आणि इतकं निर्भीड फार थोड्यांनी लिहिलं आहे.

‘मानापमान’च्या चालींत टेंब्यांनी पूरबी ठुमरीचा रंग आणला. आधी चाल, मग त्या चालीत बसणारं मराठी पद, असा तो मामला. कवी म्हणून मला इथं थोडं बोचतं. चालीत शब्द कोंबायचे म्हटले की ऱ्हस्वाचा दीर्घ होतो, भलत्याच ठिकाणी जोर येतो, आणि कवीला ते निमूट सोसावं लागतं. पण एक मान्य केलं पाहिजे. नाट्यसंगीताची परीक्षा रोज रात्री, तिकीट काढून आलेल्या माणसांपुढं होत होती. पद आवडलं तर ‘वन्स मोअर’, नाही तर पिटातून शेरे. टीकेची इतकी सडेतोड शाळा दुसरी नसेल. मात्र ती गाणाऱ्याची आणि चालीची परीक्षा होती. बंदिश म्हणून चिजेची तपासणी, अक्षर अन् अक्षर पाहून, तिथं होत नव्हती.

बंदिशीची तपासणी म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. ख्यालाची चीज दोन कडव्यांची, अस्थायी आणि अंतरा. शब्द मोजके, पुष्कळदा ब्रज भाषेतले. एवढ्याशा जागेत रागाची सगळी ओळख पटली पाहिजे. मुखडा कोणत्या मात्रेवरून उचलायचा, सम कोणत्या सुरावर आणि कोणत्या अक्षरावर टाकायची, ताना घ्यायला आकार कुठं मिळतो, अंतरा तार षड्जाला कसा भिडतो, आणि तिथून अस्थायीवर येताना दार आपटल्यासारखं तर होत नाही ना, हे सगळं पाहायचं असतं. जोडाक्षरांचा सुळसुळाट झाला तर गळा अडखळतो. ब्रजमध्ये ती घासून घासून गुळगुळीत झालेली असतात, म्हणून ती भाषा ख्यालाला मानवली. मराठीत ख्याल बांधण्याचे प्रयोग झाले, पण आपल्या भाषेचा ठसका नाट्यपदात आणि लावणीत जितका खुलतो तितका विलंबितात खुलत नाही, असं माझं मत आहे. ते न पटणारे पुष्कळ आहेत.

आम्हा गझल लिहिणाऱ्यांना ही तपासणी परकी वाटत नाही. गझलेत प्रत्येक शेर काफिया-रदीफाकडं परत येतो, तसा ख्याल फिरून फिरून समेवर येतो. मुशायऱ्यात ऐकणारे मिसरा उचलून धरतात, तशी मैफिलीत समेला शंभर माना एकदम हलतात. शेवटच्या शेरात शायराचा तखल्लुस असतो, तशी चिजेत रचणाऱ्याची मुद्रा. अठराव्या शतकात मुहम्मदशाह रंगील्याच्या दिल्ली दरबारात नियामतखाँ होते. त्यांनी ‘सदारंग’ ही मुद्रा घेतली, आणि आपल्या नावाशेजारी बादशहाचंही नाव चिजेत गुंफलं. बादशाही गेली, तख्त गेलं, पण मुहम्मदशाहचं नाव आज गावोगावच्या गायनवर्गांत लहान मुलं रोज घेतात. बऱ्याच जणांना तो कोण होता हे माहीत नसतं!

पुढं मुद्रांची मोठी बिरादरीच तयार झाली. आग्रा घराण्याचे फैयाजखाँ ‘प्रेमपिया’, विलायत हुसेनखाँ ‘प्राणपिया’, खादिम हुसेनखाँ ‘सजनपिया’. अजमत हुसेनखाँ गाण्यात ‘दिलरंग’ आणि उर्दू शायरीत ‘मैकश’. एकाच माणसाची दोन टोपणनावं, दोन मैफिलींसाठी. विलायत हुसेनखाँचे शिष्य जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’ झाले आणि त्यांचे शिष्य चिं. रा. व्यास ‘गुणिजान’. खादिम हुसेनखाँचे शिष्य बबनराव हळदणकर ‘रसपिया’ झाले. ‘पिया’ आणि ‘रंग’ यांनी धर्म, जात, प्रांत काही पाहिलं नाही. मुसलमान उस्तादानं कन्हैयाची चीज बांधायची आणि ब्राह्मण शिष्यानं ‘पिया’ म्हणून तीवर सही करायची, हा या विद्येचा नित्याचा व्यवहार होता. त्याची कधी जाहिरात करावी लागली नाही.

या बिरादरीत एक माणूस सगळ्यात वेगळा आहे, आणि तोच माझ्या आजच्या विषयाचा नायक म्हणायला हरकत नाही. विष्णु नारायण भातखंडे. पेशानं वकील. १८८४ साली ते त्या पारशी गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. पुढं वकिली सोडून देशभर हिंडले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून टाकल्या. त्या काळी चीज म्हणजे घरची ठेव. अंतरा मुद्दाम न शिकवणं, भर मैफिलीत शब्द चावून गाणं, हे सर्रास चाले. लेकीच्या हुंड्यात चिजा दिल्याच्या कथा आजही सांगतात. ती ठेव एका हौशी वकिलानं चार आण्या-आठ आण्यांच्या गिऱ्हाइकापुढं मांडली. उस्तादांना राग आला तो समजण्यासारखा आहे. पोटावर पाय आला असं त्यांना वाटलं असणार. पण त्यामुळं एक झालं. छापलेली चीज कुणालाही तपासता येऊ लागली. हा पाठ बरोबर की तो, इथला गंधार कोमल की शुद्ध, यावर कोल्हापूरचा मास्तर ग्वाल्हेरच्या गवयाशी वाद घालू शकला. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. मग दिल्ली, बनारस, लखनौ. तिथं पंडित आणि उस्ताद समोरासमोर बसून रागांची रूपं गाऊन दाखवत आणि त्यावर चर्चा होई. सगळ्यांचं एकमत झालं असं कुणी समजू नये. गवयांचं एकमत व्हायचं नाही, पण भांडण उजेडात आलं.

भातखंडे स्वतःही रचना करत. ‘चतुर’ ही त्यांची मुद्रा. त्यांची लक्षणगीतं म्हणजे रागानं स्वतःचे नियम स्वतःच गाऊन सांगायचे. कविता म्हणून ती मला कोरडी वाटतात. व्याकरणाच्या पुस्तकाला चाल लावल्यासारखी. पण त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ‘सुजान’ या मुद्रेनं बांधलेल्या चिजांत तो कोरडेपणा विरघळला. गुरूनं सांगाडा दिला आणि शिष्यानं मांस भरलं. ‘अभिनव गीतमंजरी’ उघडली की हे दिसतं.

आता एक उदाहरण देतो, जे मला फार प्रिय आहे. जगन्नाथबुवा पुरोहितांनी एक नवा राग बांधला. खालच्या अंगात जोग रागाचे दोन्ही गंधार, वरच्या अंगात चंद्रकंसाचा कोमल धैवत आणि शुद्ध निषाद. गाणारी मंडळी सांगतात की, बुवांनी त्याचं नाव आधी ‘कौंशी’ ठेवलं होतं. ते ऐकून मिरजेचे, पण मुंबईत ऑपेरा हाउसजवळ संगीतशाळा चालवणारे प्रा. बी. आर. देवधर यांनी सुचवलं की, कौंशी म्हटलं की लोकांना दुसराच राग आठवतो. यात जोग आहे आणि कंस आहे, तर ‘जोगकंस’ म्हणा. बुवांनी ते मानलं. गंमत अशी की, आज आपण ऐकतो तो चंद्रकंस रूढ करण्याचं श्रेय देवधरांनाच देतात. म्हणजे ज्यांच्या रागाचा अर्धा भाग उचलला, त्यांनीच नव्या रागाचं बारसं केलं. दोघांची घराणी निराळी, गुरू निराळे. कुणी कुणाचा शिष्य नव्हता. ‘इसलाह’ आणि याच्यात फरक आहे तो इथं.

इसलाह म्हणजे उस्तादानं शागिर्दाची रचना दुरुस्त करून देणं. दाग देहलवी हैदराबादेत असताना देशभरचे शागिर्द त्यांना टपालानं गझला पाठवत, त्यात तरुण इक्बालही होता. आपल्याकडं सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ ही पुस्तिका काढून नव्या पोरांच्या हाती ठेवली आणि कितीतरी जणांना पत्रांतून वाट दाखवली. हे उपकार मोठेच. पण इसलाह वरून खाली येते. बरोबरीच्या माणसानं ‘इथं तुझं चुकतंय’ म्हणणं, आणि आपण ते ऐकून रात्रभर तळमळून सकाळी मान्य करणं, ही गोष्ट वेगळी. तिला पैलवानाची जोड लागते.

बावड्यात एका घरी अशी एक बैठक चालते. नावं सांगणार नाही, त्यांना आवडणार नाही. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, शाळेतून निवृत्त झालेले एक संगीतशिक्षक आहेत, घरी वर्ग घेणाऱ्या एक बाई आहेत, आणि शिवणाचं दुकान सांभाळून तबला वाजवणारा एक जण. महिन्यातून एकदा ज्यानं त्यानं आपली नवी चीज आणायची. मला बोलावतात ते शब्दांपुरतं. नियम एकच : रचणाऱ्यानं स्वतः गायची नाही. दुसऱ्यानं कागदावरून गायची. आपलं आपण गायलं की गळ्याच्या करामतीत खोट झाकली जाते, म्हणून.

एकदा कारखानेवाल्यांची भीमपलासीतली चीज आली. तीनताल, उठाव खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेवरून. सम वादी स्वरावर, मध्यमावर, अगदी सुरेख पडत होती. बाईंनी दोनदा गायली आणि थांबल्या. तबलजी म्हणाला, “काका, समेवर ‘को’ आलाय ओ. ‘मन’ मागंच राहिलं की!” खरंच, ‘मन को’ या शब्दांतलं ‘मन’ आधी निसटून जात होतं आणि सगळी वजनदार सम एका विभक्तीच्या प्रत्ययावर आदळत होती. काका चिडले. “सूर बघा की, अक्षर काय बघताय!” मग गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. “कवी, तुमचा धंदा आहे, बोला.” मी म्हटलं, गझलेत असा काफिया आणला तर मला मुशायऱ्यातून उठवतील. वाद तासभर चालला. शेवटी उपाय तबलजीनंच काढला : उठाव अकराव्या मात्रेवर न्यायचा, म्हणजे ‘मन’ समेवर येतं. पण मग मध्यम पुढं सरकतो. चाल पुन्हा जुळवावी लागते. काका कागद घेऊन घरी गेले. पुढच्या महिन्यात आले ते चीज पूर्ण नवी करून, आणि पहिल्यापेक्षा तिप्पट चांगली करून.

अल्लादियाखाँसाहेबांनी आपला आवाज ध्वनिमुद्रित होऊ दिला नाही. सत्तावीस वर्षं हे गाव ज्या गळ्यानं भारलं, तो आज कुठल्याही तबकडीवर नाही. जे उरलं ते शिष्यांच्या गळ्यांत उरलं. केसरबाई, मोगूबाई, मंजीखाँ, भूर्जीखाँ, आणि भूर्जीखाँकडून मल्लिकार्जुन मन्सूर, धोंडूताई कुलकर्णी. खाँसाहेबांच्या आठवणी नातू अजीजुद्दीनखाँनी उतरवून घेतल्या म्हणून त्या राहिल्या. दुसऱ्याला दिलं तेवढंच राहिलं, असा हा रोकडा हिशोब आहे. ज्यांना खाँसाहेबांसारखे शिष्य नाहीत त्या हौशी बंदिशकारांच्या वह्यांचं काय होतं ते आपण जाणतो. माणूस गेला की वही रद्दीत.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा आमच्या काकांच्या घरात छातीइतकं पाणी होतं. भांडीकुंडी, गाद्या गेल्या, आणि ट्रंकेतली चिजांची वही चिखलाचा गोळा झाली. पाणी ओसरल्यावर बैठक बाईंच्या घरी भरली. त्यांना अठरा चिजा पाठ होत्या, गुरुजींना अकरा, तबलजीला ठेके आणि मुखडे. तीन संध्याकाळी लागल्या. नव्या वहीत सत्तावीस चिजा परत उतरल्या. भीमपलासीचीही उतरली, पण तिच्या अंतऱ्याचे दोन पाठ निघाले, एक बाईंचा आणि एक गुरुजींचा. काकांना विचारलं तर ते म्हणाले, “मला आठवत नाही, पण बाईंचा चांगला आहे.” गुरुजींनी ते मानलं नाही. वहीत दोन्ही पाठ लिहिले आहेत आणि समोर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आहे.